डोळ्यांखालचं औषध

शेषरावांनी ट्यूब दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात धरली, उलटी केली आणि तिच्या चपट्या शेपटीवरची तारीख वाचली. मुदत बाकी होती. बॅच नंबर होता. आत काय काय घातलंय ते मात्र इतक्या बारीक अक्षरांत होतं की त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्या अक्षरांचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी ताणून मोठा केला. संग्रामपूरच्या बाजारात शेतीच्या औषधांच्या दुकानात कुणी असं केलं असतं तर त्याच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. पण हे समीक्षाचं लेडीज कॉर्नर होतं आणि बांगड्या भरायला आलेल्या दोघी जणी हात तसेच पुढे धरून शेषरावांकडे बघत बसल्या होत्या.

शेषरावांना त्याचं काही नव्हतं. तीस वर्षं ते स्वतःच्या अकलेने औषधं निवडत आले होते. कपाशीची, तुरीची, संत्र्याची. आणि एकदाही फसले नव्हते, निदान ते तरी तसंच सांगत.

काउंटरवर आणखी दोन वस्तू मांडलेल्या होत्या. त्यातली गुलाबी डबी त्यांनी उघडली, हुंगली आणि लगेच बंद केली.

“यात सेंट टाकला.”

“हो काका, गुलाबाचा आहे. डोळ्यांजवळ वासाचं नकोच तसं. आग होते.”

“आन् हे दुसरी काय म्हणते?”

“सात दिवसांत फरक, असं लिहिलंय तिच्यावर.”

“मंग थे उचलून ठेव पहिले. सात दिवसात गुण येते म्हणून जे सांगते, थे औषध मी वावरात घालत नाई. तोंडाले कायले लावू?”

समीक्षाने ती डबी उचलून ठेवली. तिने अकोल्याला पार्लरचा कोर्स केला होता, दुकान टाकून तीन वर्षं झाली होती, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला काय हवंय हे ती बरोबर ओळखायची. आज मात्र तिला अंदाज येत नव्हता.

“हे बिनवासाची हाय ना?” शेषरावांनी हातातली ट्यूब दाखवली.

“बिनवासाची. जरा जाडसर आहे, पण थंडीत कोरड्या कातडीला हीच बरी.”

“डोस?”

“मुगाच्या दाण्याएवढी. एका डोळ्याला एक दाणा.”

“मारायची कव्हा?”

“लावायची, काका.”

“थेच थे.”

“सकाळी तोंड धुतल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा. पापणीला नाही हं, खाली हाड लागतं ना, त्या हाडावरून. करंगळीशेजारच्या बोटानं. त्या बोटात जोर कमी असतो. चोळायची नाही, नुसती टिपत टिपत लावायची.” मग तिने सहज विचारलं, “काकूंसाठी नेता का प्रेरणाताईसाठी?”

शेषरावांनी बांगड्यांकडे पाहिलं. त्या दोघींच्या बांगड्या भरून होईपर्यंत ते ट्यूबवरची अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाचत राहिले. त्या दोघी दुकानाबाहेर पडल्यावर त्यांनी टोपी काढली आणि काउंटरवर ओणवे झाले.

“मलेच लागते थे. पाह्य बरं.”

समीक्षाने दिवा लावला आणि पाहिलं. दोन्ही डोळ्यांखाली काळसर सूज होती आणि तिच्यावर कातडीचे पापुद्रे सुटले होते, कांद्याचे सुटतात तसे. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या.

“कशानं पुसता?”

“खांद्यावरच्या दुपट्ट्यानं.”

“आणि पुसता काय?”

“घाम,” शेषराव म्हणाले.

मार्गशीर्ष चालू होता. समीक्षाने स्वतः स्वेटर घातला होता. तिने ट्यूब कागदी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दुमडलं आणि त्यांच्या हातात देताना म्हणाली, “घाम टिपत जा काका. रगडू नका. आणि सूज उतरायला गार पाण्याची घडी ठेवत जा. क्रीम कातडीचं काम करील, सुजेचं नाही.”

मुलगी हुशार आहे, असं शेषरावांचं मत झालं.

तो घाम आश्विनात सुरू झाला होता. लेकीचं, प्रेरणाचं, लग्न हिवरा आश्रम गावच्या राजकुमारशी ठरलं त्या दिवसापासून. मुलगा कृषी विभागात नोकरीला, घरची शेती, माणसं माळकरी. खोट काढायला जागा नव्हती आणि शेषरावांनी ती काढलीही नाही. सगळ्यांच्या आधी होकार त्यांनीच दिला, पेढे त्यांनीच आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीला पाणी द्यायला म्हणून वावरात गेले, ते बांधावर बसून ढसाढसा रडले. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. बाप गेला तेव्हा ते रडले नव्हते. गारपिटीने संत्र्याचा अख्खा बहर झडला तेव्हा गावातले चार जण त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि त्यांनीच त्या चौघांना चहा पाजला. गावात कुणाच्या घरी मोठं दुःख झालं की पहिलं बोलावणं शेषरावांना यायचं, कारण हा माणूस डगमगत नाही अशी त्यांची ख्याती होती. आणि ती त्यांना आवडायची.

पण प्रेरणा बी.एस्सी. अ‍ॅग्री होऊन परत आल्यापासून चार वर्षं शेत त्या दोघांनी मिळून केलं होतं. प्रत्येक बाटलीवरचं लेबल ती मोठ्याने वाचायची आणि ते ऐकायचे. आधी एका ओळीवर मारून पाहायचं, मगच सगळ्या वावरात, हा नियम तिचाच. आता कुठलीही बाटली हातात घेतली की त्यांचे डोळे भरून यायचे. तुरीवरच्या अळीचं औषध हातात धरून माणूस रडतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तरी सगळं झाकलं गेलं असतं. पण साखरपुड्याला मुलाच्या काकांनी त्यांचे डोळे पाहिले. पाहिले आणि जेवणावळीत शेजारी बसलेल्या माणसाला हळूच विचारलं, “इवाई घेतात काय?” व्याही पितात काय, ही शंका फिरत फिरत आठ दिवसांनी शेषरावांच्या बायकोच्या, आशाबाईंच्या, कानावर आली. वर आणखी हेही आलं की मुलाची आई, गीताबाई, सगळ्यांदेखत म्हणाली, ज्या घरात दारू शिरली त्या घराशी आपण सोयरीक करत नाही. अक्षता पडेपर्यंत सोयरीक मोडता येते. उष्टी हळद घेऊन मी स्वतः जाणार आणि स्वतः पाहणार.

आशाबाईंचा नुसता संताप झाला.

“सुपारीचं खांड खाल्लं नाई या मानसानं, आन् याले दारुडा म्हणतेत! पण मी म्हणतो, तुमचे डोये काऊन लाल राह्यतेत सारखे?”

“तुरीवर औषध मारून राह्यलो ना,” शेषराव म्हणाले. “झोंबते थे.”

प्रेरणा तिथेच मेथी निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन फवारणीचा मोठा चष्मा घेऊन आली, चारी बाजूंनी बंद असलेला.

“बाबा, हे घातल्याबिगर पंप पाठीवर घ्यायचा नाई. मी गेल्यावर कोन पाहीन तुमच्याकडे?”

त्या दिवशी शेषराव तो चष्मा घालून तुरीत शिरले आणि चष्म्याच्या आत रडले. काच आतून धुरकट झाली. चष्मा काढून त्यांनी दुपट्ट्याने डोळे इतके रगडले की कातडी सोलून निघाली. खरं काय ते सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण लेकीचं लग्न ठरल्यापासून बाप बांधावर बसून हुंदके देतो हे गावभर होण्यापेक्षा दारुडा ठरलेलं त्यांना पत्करलं असतं. दारुडा ठरून सोयरीक मोडली, तर मात्र ते प्रेरणाला भोगावं लागणार होतं. तेव्हा डोळे दुरुस्त करणं भाग होतं, आणि हळदीला अठरा दिवस उरले होते.

त्यांनी काम रीतसर हाती घेतलं. पहिले दोन दिवस क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. खाज नाही, पुरळ नाही. मग दोन दिवस फक्त डाव्या डोळ्याखाली. मोटारसायकलच्या आरशात डावा आणि उजवा असे दोन्ही प्लॉट शेजारी शेजारी तपासले. डावीकडचे पापुद्रे बसत आलेले दिसले तेव्हाच उजव्या डोळ्याला परवानगी मिळाली. ट्यूब वावरातल्या खोपटात ठेवायची ठरली, पण फवारणीच्या औषधांजवळ नाही. मारुतीच्या तसबिरीमागे. हात दोनदा साबणाने धुवायचे, नखं तपासायची, मग मुगाचा दाणा.

अडचण आली ती बोटाची. करंगळीशेजारच्या बोटाला त्यांनी जन्मात कधी स्वतंत्र काम दिलं नव्हतं. नुसतं ते बोट उचलायला गेलं की शेजारची दोन्ही सोबत उठायची. शिवाय त्याच्या टोकाला विळ्याचा जुना घट्टा होता, तो खरखरायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोडी क्रीम त्या घट्ट्यालाच चोळली आणि बोट मऊ करून घेतलं. सहाव्या दिवशी ते इतकं तयार झालं की शेषराव बांधावर बसून, एका हातात आरसा धरून, हाडावरून टिपत टिपत अशी क्रीम लावत की समीक्षाने पाहिलं असतं तर त्यांना दुकानात कामाला ठेवलं असतं.

रडणं थांबलं नव्हतं. पण आता ते दुपट्टा न रगडता मऊ धुतलेल्या रुमालाने डोळे टिपायचे, गार पाण्याची घडी ठेवायचे आणि मग क्रीम. अळी सगळीच्या सगळी मारायची नसते, पिकाचं नुकसान होणार नाही एवढी खाली ठेवायची असते, हेही प्रेरणानेच त्यांना शिकवलं होतं. त्या हिशेबाने रडणं आटोक्यात होतं.

बाराव्या दिवशी आशाबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या.

“तुमचं तोंड उजयलं बाई चांगलं.”

“फवारनी आटोपली ना,” शेषराव म्हणाले आणि आणखी अर्धी भाकर मागून घेतली.

हळदीचा दिवस उजाडला तेव्हा त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. आज दिवसभर वावरात पळून जाता येणार नव्हतं. जे काय व्हायचं ते मांडवात, चारचौघांत. म्हणून पहाटे तोंड धुतल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डोस ओलांडला. गड्याने पंपात अर्धं झाकण औषध जास्त टाकलं तरी त्याच्यावर ओरडणारा हा माणूस. त्याने त्या दिवशी एकेका डोळ्याला मूग सोडून वालाएवढी क्रीम लावली, आणि जीपचा हॉर्न ऐकल्यावर खोलीत जाऊन डोळ्यांभोवती सगळीकडून आणखी एक थर दिला.

जीपमधून गीताबाई उतरल्या. उंच, सडसडीत बाई, गळ्यात तुळशीची माळ, हातात झाकलेली वाटी. त्यांच्यामागून पाच बायका. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद पाटावर बसलेल्या प्रेरणाला लागली, गाणी झाली, आणि मग रीतीप्रमाणे बायकांनी घरच्या माणसांकडे मोर्चा वळवला. शेषरावांना चौघींनी धरलं. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी, कान. मेव्हण्याच्या बायकोने तर उरलेला सगळा गोळा त्यांच्या तोंडावर फासला. शेषराव डोळे मिटून उभे राहिले आणि हसले. आवाजात पाणी नाही, डोळ्यांत पाणी नाही. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

हळद वाळली. त्यांनी ओल्या पंच्याने तोंड पुसलं आणि मांडवात आले.

आधी एक पोरगी हसली, मग मेव्हण्याची बायको, मग सगळा मांडव. शेषरावांना कळेना. प्रेरणा पाटावरूनच ओरडली,

“बाबा, चष्मा घालून हयद लावली का?”

कुणीतरी मोबाइल उलटा करून त्यांच्यापुढे धरला. सगळं तोंड पिवळंधमक झालं होतं आणि त्यात दोन्ही डोळ्यांभोवती मूळच्या सावळ्या रंगाचे दोन वाटोळे डाग कोरे राहिले होते. जाडसर क्रीमवर हळद चढलीच नव्हती. नवरीच्या मेकअपसाठी आलेली समीक्षा खांबाजवळ उभी होती, तिने कपाळाला हात लावला. आशाबाई पदर तोंडात धरून हसत होत्या, पण त्यांची नजर नवऱ्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

गीताबाई हसल्या नाहीत. त्या बसल्या जागेवरून उठल्या, वाटीत राहिलेली चमचाभर हळद बोटांवर घेतली आणि सरळ शेषरावांपुढे येऊन उभ्या राहिल्या. हळद लावायचं निमित्त करून त्यांनी तोंड बरंच जवळ आणलं.

त्या कशासाठी जवळ आल्या हे शेषरावांना लगेच कळलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो सगळा त्यांच्या पुढ्यात सोडला. एकदा सोडला, पुन्हा एकदा सोडला. सकाळच्या चहाचा आणि वेलदोड्याचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता. आणि तो पुरे होता. आता तिथूनच मागे फिरले असते तरी चाललं असतं.

“काय लावलं इवाई डोयाले?” गीताबाईंनी विचारलं.

तेल, म्हणता आलं असतं. खोबऱ्याचं तेल म्हटलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं. शेषरावांनी मांडवाकडे पाहिलं. समीक्षा मान हलवून त्यांना काहीतरी सुचवत होती. पाटावर पिवळी झालेली प्रेरणा अजून हसत होती, दोन्ही हात हवेत धरून, कुठे हळद लागू नये म्हणून. उद्या या वेळी ती जीपमध्ये बसलेली असणार होती. तिच्या सासूशी पहिलंच बोलणं, आणि तेही खोटं, हे त्यांच्या जिवाला लागलं.

“क्रीम,” ते म्हणाले. “डोयाखाली लावाची असते थे.”

“कायले?”

“रडू येते मले. सोयरीक जमली तव्हापासून रोज येऊन राह्यलं. डोये सुजते, लाल होते. तुमाले वाटलं मी घेतो. मी घेत नाई. पण रडतो म्हनून कसं सांगाव, म्हनून मंग हे.”

त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांचा आवाज मोठा निघाला. मांडवातलं हसू पुढून मागे विझत गेलं. प्रेरणाचे हात खाली आले आणि मांडीवरच्या कोऱ्या पातळाला हळद लागली, पण तिला कुणी ओरडलं नाही.

“फवारनीनं नव्हते, बाबा?”

“नाई बेटा.”

“आन् चष्मा?”

“थो लय कामाले आला,” शेषराव म्हणाले.

प्रेरणा पाटावरून उठू नये अशी रीत होती, म्हणून ती उठली नाही. बसल्या जागी तिने तोंड ओंजळीत घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आशाबाई तिच्याजवळ गेल्या, पण त्यांचंही काही खरं नव्हतं. शेषराव मात्र ताठ उभे होते. त्यांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं, आणि आता सोयरीक मोडायची तर त्या बाईने मोडून दाखवावी, इतकी हिंमत त्यांच्या अंगात आली होती.

गीताबाईंनी बोटांवरची हळद वाटीच्या काठाला पुसली. बराच वेळ त्या शेषरावांच्या डोळ्यांभोवतीचे ते कोरे गोल निरखून पाहत राहिल्या, बाजारात माल पाहावा तशा. मग आपल्याबरोबरच्या बायकांकडे पाठ करून त्यांनी आवाज खाली आणला.

“फरक पडते का यानं?”

“कातडीले पडते,” शेषराव खरं तेच बोलले. “रडन्याले नाई पडत.”

“आमची पोरगी काजल सासरी दिली त्याले चार वरसं झाले,” गीताबाई म्हणाल्या. “तिचा संसार चांगला चालला. पण आमचे मालक अजून गोठ्यात जाऊन बसतेत. मी समद्याइले सांगतो, धुरानं लाल झाले डोये. नाव लिहून द्याल का याचं? आन् किती लावाची थेही.”

 शेषरावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. अडीनडीला असावी म्हणून आज ट्यूब तिथे ठेवली होती. निम्मी उरली होती. त्यांनी ती रुमालाने पुसली, झाकण घट्ट केलं आणि पुढे केली.

“हेच घेऊन जा. मी दुसरी आनतो.”

गीताबाईंनी ट्यूब हातात घेतली, नाव वाचलं, ओठांनी पुटपुटून पाठ केलं. मग ती परत त्यांच्या खिशात टाकली आणि वरून थोपटली.

“आमाले नाव पुरे, इवाई. हे उद्या तुमालेच लागन.”